बिशप शमुवेल अजायी क्राउथर

पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोक अर्थावांचून नांव ठेवीत नाहींत. जें मूल पालथें जन्मतें तें अजायी. हें नांव तें जन्मतांच घेऊन येतें, असें ते मानितात. असा एक अजायी ओशोगुन गांवीं जन्मला. 1821 सालीं गुलाम धरणाऱ्यांनीं त्यास आईपासून तोडून विकलें. 1822 सालीं ब्रिटिश आरमारानें जहाजावरून सोडविलें. 1825 सालीं सिएरा लिओन येथें बाप्तिस्मा होऊन, एका इंग्रज पाळकाच्या नांवावरून, तो शमुवेल क्राउथर झाला.

1846 सालीं अबेओकुटा येथें क्राउथर यांस त्यांची आई भेटली. 1848 सालीं तिचा बाप्तिस्मा झाला, तेव्हां तिला शमुवेलाच्या आईचें हन्ना हें नांव मिळालें. योरुबा भाषेंत शास्त्राचें भाषांतर करितांना त्यांनीं देवासाठीं परका शब्द आणिला नाहीं. आकाशाचा धनी या अर्थाचा ओलोरुन हाच शब्द ठेविला. 1864 सालीं ते बिशप झाले व 1891 सालीं प्रभूंत निजले.

वाचकहो, बाप्तिस्मा घेणारानें जन्माचें नांव लाजेनें टाकावें, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यानें शमुवेलास पाचारण केलें, तो अजायीसही ओळखत होता.