शं. ग. दाते : जुन्या बालपुस्तकांचा कालनिर्णय आणि पानशेतचा पूर

छापील पुस्तकाला जन्मवर्ष असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मराठीतील जुन्या बालपुस्तकांच्या बाबतीत मात्र हे गृहीतक फारसे टिकत नाही. मूल पुस्तक हाती घेते ते वाचण्यासाठी, जपण्यासाठी नव्हे. एका भावंडाकडून दुसऱ्याकडे आणि एका इयत्तेतून दुसऱ्या इयत्तेत जाताना पुस्तकाचे आधी वेष्टन जाते, मग शीर्षकपृष्ठ जाते आणि त्या एका पानाबरोबर वर्ष, आवृत्ती, मुद्रक व प्रकाशक हे सारेच जाते. मागे उरते ती गोष्ट. तिचा काळ उरत नाही. ज्या पुस्तकाला वाचक सर्वाधिक लाभले, त्याच्या प्रती सर्वांत कमी शिल्लक राहाव्यात, हा बालवाङ्मयाच्या इतिहासातील नित्याचा अनुभव आहे. लंडनच्या जॉन न्यूबेरी याने १७४४ मध्ये काढलेले मुलांचे चिमुकले पुस्तक इंग्रजी बालवाङ्मयाच्या आरंभी ठेवले जाते. परंतु त्याच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. तिचे वर्ष ठरते ते त्या काळच्या वृत्तपत्रांतील जाहिरातींवरून. पुस्तक नष्ट होते आणि नोंद उरते, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते. मराठीत अशी नोंद ठेवण्याचे काम ज्यांनी आयुष्यभराचे व्रत म्हणून पत्करले, ते शंकर गणेश दाते (१९०५–१९६४) होत.

ग्रंथसूचिकार म्हणून दात्यांचे नाव सर्वतोमुखी झाले असले, तरी पुस्तकांकडे वळण्यापूर्वी ते गोष्टींकडे वळले होते. लोककथांचे संकलन हे त्यांचे आरंभीचे काम होय. हा तपशील त्यांच्या चरित्रात गौण मानला जातो. वस्तुतः पुढील कार्याची दिशा समजून घेण्यास तो उपयुक्त आहे. लोककथेला कर्ता नसतो, वर्ष नसते, प्रथमावृत्ती नसते. ती ज्या तोंडून ऐकली जाते, त्या तोंडची होते. परंतु तीच कथा छापली गेली की तिला गाव, छापखाना आणि साल प्राप्त होते. ती इतिहासाच्या कक्षेत येते. मौखिक आणि मुद्रित यांच्यातील हा भेद ज्याने स्वतः संकलन करून अनुभवला, त्याला छापील पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठाचे मोल वेगळे सांगावे लागले नसेल.

दात्यांनी सूचीचे काम आरंभिले तेव्हा मराठी ग्रंथांची नोंद अगदीच झालेली नव्हती, असे नाही. सर अलेक्झांडर ग्रांट यांनी मुंबई इलाख्यात १८६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या देशी भाषांतील पुस्तकांची यादी सिद्ध केली होती. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये पुस्तकांची नोंदणी सक्तीची झाली आणि इलाख्याच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. ब्रिटिश म्यूझियममधील मराठी व गुजराती पुस्तकांची ब्लूमहार्ट यांची सूची १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु पहिली यादी एका टप्प्यावर थांबलेली, दुसऱ्या याद्या सरकारी दप्तरात विखुरलेल्या आणि तिसरी लंडनमधील एका संग्रहापुरती मर्यादित, अशी स्थिती होती. मराठी वाचकाला मराठीतून हाताशी धरता येईल असा एकसंध आलेख नव्हता. तो निर्माण करण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने किंवा शासनाने अंगावर घ्यावे असे होते. ते एका व्यक्तीने अंगावर घेतले. ठिकठिकाणची ग्रंथालये व खासगी संग्रह धुंडाळून, शक्य तेथे पुस्तक प्रत्यक्ष पाहून नोंद करावयाची, ही दात्यांची कार्यपद्धती होती.

ही पद्धती किती कष्टाची होती, हे बालपुस्तकांच्या उदाहरणावरून चांगले कळते. मराठी बालवाङ्मयाच्या आरंभीचे टप्पे सुपरिचित आहेत. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये छापलेली इसापच्या कथांची ‘बालबोध मुक्तावली’. श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून निघालेली ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४). त्यानंतर सदाशिव काशीनाथ छत्रे यांची १८२८ मधील ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके. यांतील ‘बाळमित्र’ हे बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या पुस्तकाचे इंग्रजीच्या द्वारे मराठीत आलेले रूप. टप्पे सांगणे सोपे. हाती आलेली एखादी प्रत त्या टप्प्यांपैकी कोठली, हे ठरविणे अवघड. ‘इसापनीती’ शाळांतून चालत राहिली आणि वारंवार छापली गेली. १८२८ हे ग्रंथाचे वर्ष होय. समोरील प्रतीचे वर्ष तेच असेल असे नाही. जुन्या बालपुस्तकाचे मोल ठरविताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका गल्लतीतून होतात.

कालगणनेचा घोळ ही दुसरी अडचण. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा केवळ शक असतो. शके १७५० म्हणजे १८२८ असे सरसकट लिहिले जाते. परंतु तो शक चैत्रात सुरू होऊन पुढील वर्षीच्या फाल्गुनात संपतो. त्यामुळे पौषाच्या मध्यापासून पुढे निघालेल्या पुस्तकाला अठ्ठ्याहत्तर नव्हे, तर एकोणऐंशी मिळवावे लागतात. तिसरी अडचण कायद्यातच आहे. १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि ठिकाणे छापणे बंधनकारक केले. पुस्तकावर वर्ष छापलेच पाहिजे, असे बंधन घातले नाही. प्रकाशनाची तारीख, पृष्ठे, आकार, आवृत्ती, छापलेल्या प्रतींची संख्या, शिळाछाप की खिळाछाप आणि किंमत ही माहिती नोंदणीसाठी सरकारला द्यावयाची होती. परिणामी आण्या-दोन आण्यांच्या गोष्टींच्या पुस्तकांवर वर्ष नाही आणि सरकारी यादीत ते आहे, असा प्रकार संभवतो. यादी आणि पुस्तक ही दोन्ही एकमेकांशेजारी ठेवल्यावाचून अशा पुस्तकाचा काळ ठरत नाही. दात्यांच्या कामाचे मोल या शेजारी ठेवण्यात आहे.

शीर्षकपृष्ठ फाटलेलेच असेल तर अन्य पुराव्यांकडे वळावे लागते. निर्णयसागर छापखान्याचे नाव असलेले पुस्तक १८६९ पूर्वीचे असू शकत नाही आणि पुण्याच्या चित्रशाळेचे नाव असलेले १८७८ पूर्वीचे असू शकत नाही. शालोपयोगी पुस्तक काढणाऱ्या संस्थेचे नावही साक्ष देते. बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचा कारभार १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेला आणि १८५५ मध्ये बोर्डाची जागा विद्याखात्याने घेतली; म्हणजे केवळ एका नावावरून पुस्तकाचा पंधरा वर्षांचा पट्टा निश्चित होतो. मलपृष्ठावरील जाहिरातींत ज्या पुस्तकांची वर्षे ठाऊक आहेत, त्यांतील सर्वांत अलीकडचे पुस्तक हे समोरील प्रतीची पूर्वमर्यादा ठरविते. किंमत नव्या पैशांत असेल तर ती प्रत १ एप्रिल १९५७ नंतरचीच. या प्रत्येक खुणेला अखेर एका विश्वसनीय तक्त्याशी ताडून पाहावे लागते. तसा तक्ता ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या खंडाने १९४३ मध्ये अभ्यासकांच्या हाती दिला. १८०० ते १९३७ या एकशे अडतीस वर्षांतील ग्रंथ त्यात विषयवार लावलेले होते. महायुद्धामुळे कागदावर नियंत्रण असलेल्या काळात एवढा मोठा, खपाची शाश्वती नसलेला ग्रंथ प्रसिद्ध करणे हे साहस होते. ते दात्यांनी स्वतःच्या हिमतीवर केले.

पहिल्या खंडाला लाभलेली मान्यता पाहून दाते थांबले नाहीत. १९३८ ते १९५० या तेरा वर्षांचा दुसरा खंड सिद्ध होण्यास पुढील अठरा वर्षे जावी लागली. दरम्यान देश स्वतंत्र झाला, ग्रंथ-प्रदानाचा कायदा १९५४ मध्ये आला आणि भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची १९५८ पासून निघू लागली. शासनाने यंत्रणा उभारून जे काम हाती घेतले, त्याच्या मागील दीडशे वर्षांचा मराठीपुरता हिशेब दाते चुकता करीत होते. हा दुसरा खंड १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी, १२ जुलै रोजी सकाळी, वेल्हे तालुक्यात आंबी नदीवर बांधले जात असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. काम अपुरे असताना त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठविले गेले होते. धरणातून सुटलेला लोंढा मुठेच्या खोऱ्यातून खाली आला, त्याने १८७९ पासून पुण्याला पाणी पुरविणारे खडकवासल्याचे दगडी धरणही फोडले आणि दोन धरणांचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. मनुष्यहानी आणि वित्तहानी यांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला गेला आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याची आणखी एक बाजू आहे. नारायण, शनिवार, कसबा या पेठा म्हणजे पुण्याच्या लिहित्या-वाचत्या वस्तीचा जुना गाभा होता. येथील वाड्यांच्या फडताळांत, माळ्यांवर आणि तळघरांत पिढ्यान्‌पिढ्यांची पुस्तके पडून होती. मातीच्या भिंती पाण्याने विरघळल्या तेव्हा त्यांच्या आधाराने राहिलेला कागदही चिखलात गेला. दुर्मिळ म्हणून ओळखल्या गेलेल्या पोथ्या आणि दस्तऐवज वाचविण्याची धडपड झाली असेल. मुलांची जुनी गोष्टींची पुस्तके, ‘बालबोध’ किंवा ‘आनंद’ मासिकाचे सुटे अंक, बक्षीस म्हणून मिळालेली चरित्रे यांना वाचविण्याजोगे कोण मानणार? ज्या वस्तूचे मोल कोणी ठरविलेले नसते, ती आपत्तीत सर्वांत आधी टाकून दिली जाते.

येथे दात्यांच्या जीवनकार्याचा खरा अर्थ प्रकट होतो. एकाच वर्षात एका बाजूला पुण्यातील असंख्य प्रती नाहीशा झाल्या आणि दुसऱ्या बाजूला सूचीचा दुसरा खंड पुरा झाला. धरण फुटण्यापूर्वीच्या दोन-तीन दशकांत जी पुस्तके कोणीतरी हाती घेऊन पाहिली, त्यांचे नाव, वर्ष आणि पृष्ठसंख्या शाबूत राहिली. १८६७ च्या कायद्यामुळे ज्या पुस्तकांच्या प्रती लंडनला पोहोचल्या होत्या, त्यांचा शोध घेण्याचा मार्गही अशा नोंदीमुळेच मोकळा राहतो. कारण काय शोधावयाचे हे ठाऊक असल्यावाचून शोध सुरूच होत नाही.

तथापि नोंद म्हणजे ग्रंथ नव्हे, हे विसरता कामा नये. सूचीवरून पुस्तकाचे अस्तित्व कळते. त्यातील चित्रे, अक्षरवळण, मुलाला उद्देशून योजलेली भाषा, आवृत्तीगणिक गाळलेली वा बदललेली गोष्ट यांतले काही कळत नाही. शिवाय एवढ्या विस्तृत आणि एकहाती कामात उणिवा राहणे अटळ आहे. ज्या पुस्तकाची प्रथमावृत्ती पाहावयास मिळाली नाही, तेथे उपलब्ध आवृत्तीवर विसंबावे लागते. म्हणून एखादे पुस्तक दात्यांच्या सूचीत आढळले नाही एवढ्यावरून ते अत्यंत दुर्मिळ ठरविणे, अथवा सूचीतील वर्ष म्हणजे प्रथमावृत्तीचेच वर्ष असे मानणे, ही दोन्ही अनुमाने घाईची होत. जुन्या बालपुस्तकाची बाजारातील किंमत त्याच्या वयावर आणि देखणेपणावर ठरू शकेल; वाङ्मयेतिहासातील मूल्य मात्र आवृत्ती, वर्ष आणि शिल्लक प्रतींची संख्या या तीन गोष्टी निश्चित झाल्यावरच ठरते. निश्चित वर्ष असलेली एखादी फाटकी सहावी आवृत्ती, वर्ष नसलेल्या सुबक प्रतीपेक्षा अभ्यासाला अधिक उपकारक होऊ शकते. कारण ते पुस्तक किती काळ मुलांच्या हाती होते, याची ती साक्ष असते.

दुसऱ्या खंडानंतर दात्यांना अवघी तीन वर्षे लाभली. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मराठी नियतकालिकांच्या सूचीचे काम अपुरे होते. ते दि. वि. काळे व शं. ना. बर्वे यांच्या सहकार्याने पुढे गेले आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने त्याचे प्रकाशन केले. बालवाङ्मयाच्या दृष्टीने हे काम ग्रंथसूचीइतकेच महत्त्वाचे आहे, वि. को. ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या ‘बालबोध’पासून वा. गो. आपटे यांच्या १९०६ मधील ‘आनंद’पर्यंत मुलांसाठीच्या लेखनाचा मोठा भाग आधी मासिकांतून आला. दात्यांच्या निधनाच्याच वर्षी मालतीबाई दांडेकर यांचा ‘बालसाहित्याची रूपरेषा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासलेखनाला सुसंगत रूप आले. पुढे शरद केशव साठे यांनी १९५० नंतरच्या ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि राज्य मराठी विकास संस्थेने दात्यांच्या सूचीचे पुनर्मुद्रण केले.

दात्यांनी स्वतः मुलांसाठीच्या पुस्तकांचा वेगळा कैवार घेतला नाही. त्यांच्या सूचीत तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाला आणि दोन आण्यांच्या गोष्टींच्या पुस्तकाला सारखीच जागा मिळते. हा समभाव हेच त्यांचे सर्वांत मोठे मूल्यमापन होय. महाविद्यालयांच्या आणि गावोगावच्या वाचनालयांच्या कपाटांत आजही शीर्षकपृष्ठ गमावलेली बालपुस्तके आढळतात. ती रद्दीत जाण्यापूर्वी त्यांचा मुद्रक, किंमत, जाहिराती आणि पृष्ठसंख्या टिपून सूचीशी ताडून पाहणे हे लहानसे काम आहे. ते वेळेवर न झाल्यास काय हरपते, हे १९६१ च्या पुण्याने पाहिले आहे.