रसायनांचे बारसे करणारे लॅव्हाझिए

बारशाला नाव ठेवताना आपण त्याचा अर्थ पाहतो. रसायनांची नावेही अर्थ पाहूनच ठेवावीत, असा आग्रह धरणाऱ्यांत आंत्वान लॅव्हाझिए यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील. मुलानेही कायद्याची पदवी घेतली, पण मन रमले विज्ञानात. राजासाठी कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांच्या कंपनीत त्यांनी भागीदारी घेतली. १७७५ पासून सरकारी बंदुकीच्या दारूचे खातेही त्यांच्याकडे आले. हा सारा व्याप सांभाळून ते सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळेत बसत. पत्नी मारी-आन त्यांच्यासाठी इंग्रजी लेखनाची भाषांतरे करीत आणि उपकरणांच्या आकृत्या काढीत.

त्या काळी गंधकाम्लाला व्हिट्रिऑलचे तेल म्हणत, तर जस्ताच्या भस्माला जस्ताची फुले. त्यांत ना तेल, ना फूल! १७८७ मध्ये गितों द मोर्व्हो, बेर्तोले आणि फुर्क्रुआ यांच्यासह लॅव्हाझिए यांनी नवी पद्धत मांडली. पदार्थ कशाचा बनला, हे नावातूनच कळावे. म्हणून जस्ताची फुले झाली झिंक ऑक्साइड. आपला मोरचूद आज कॉपर सल्फेट म्हणून ओळखला जातो, तो याच रीतीने.

ग्रीक शब्दांवरून बनलेल्या हायड्रोजन या नावाचा अर्थ पाणी निर्माण करणारा. ऑक्सिजन म्हणजे आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, अशी लॅव्हाझिए यांची समजूत होती. ती चुकीची निघाली. मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नसतो, हे पुढे हम्फ्री डेव्ही यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. नाव मात्र तेच राहिले. आपल्या प्राणवायू या शब्दात ती चूक नाही. तो वायू आपल्यासाठी काय करतो, तेवढेच त्यात सांगितले आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीत करवसुली करणाऱ्या मक्तेदारांवर लोकांचा रोष उसळला. ८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी सासरे व इतर भागीदारांसह लॅव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला. वय अवघे पन्नास. विज्ञानातली थोरवी त्यांना वाचवू शकली नाही.

खताच्या पोत्यावर किंवा औषधाच्या बाटलीवर सल्फेट, ऑक्साइड असे शब्द आपण आजही वाचतो. त्यामागची शिस्त लॅव्हाझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी घालून दिलेली आहे.