पाउल गेरहार्ट : एका सहीचे मोल

ख्रिस्ताच्या काट्यांनी घायाळ झालेल्या मस्तकाविषयीचे गीत दुःखसहनाच्या सप्ताहात देशोदेशीच्या मंडळ्या गातात. लॅटिन काव्यावरून ते जर्मन भाषेत रचणारा भक्त म्हणजे पाउल गेरहार्ट. त्याची गीते पुष्कळांना प्रिय आहेत. परंतु एका सहीपायी त्याने काय गमावले, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

गेरहार्टचा जन्म १६०७ साली जर्मनीत झाला. लूथरच्या विटेनबर्ग विद्यापीठात त्याने ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने देश उजाड झाला होता. पाळकपद लाभले तेव्हा त्याचे वय ४४ वर्षांचे होते. दीक्षेच्या वेळी त्याने लूथरन विश्वासांगीकारांशी, म्हणजे १५३० च्या ऑग्सबर्ग अंगीकारापासून १५७७ च्या एकमतसूत्रापर्यंतच्या लेखांशी, एकनिष्ठ राहण्याचे वचन दिले. ते पवित्र शास्त्राला धरून आहेत, अशी त्याची मनोमन खात्री होती.

१६५७ साली तो बर्लिनच्या संत निकोलस मंदिरात सेवेस आला. तेथील अधिपती फ्रेडरिक विल्यम हा रिफॉर्म्ड पंथाचा होता. प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर दिले जाते, असे लूथरन मानीत. रिफॉर्म्ड शिक्षण याहून निराळे होते. व्यासपीठावरून परस्परांवर होणारी टीका थांबावी म्हणून अधिपतीने १६६४ साली फर्मान काढले आणि पाळकांकडून त्यावर सह्या मागितल्या.

वाचकहो, गेरहार्ट भांडखोर नव्हता. व्यासपीठावरून त्याने कोणाची निंदा केली नव्हती. तरीही त्याने सही दिली नाही. देवासमोर दिलेले वचन राजाज्ञेने आखूड होऊ शकत नाही, अशी त्याची धारणा होती. १६६६ साली त्याला पदच्युत करण्यात आले. नगरजनांनी रदबदली केल्यावर १६६७ साली सहीवाचून पद परत देण्यात आले. मात्र फर्मानाप्रमाणेच तो वागेल, ही अपेक्षाही कळविण्यात आली. न लिहिलेली ती सहीसुद्धा त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीला मानवेना. त्याने पद नाकारले.

याच काळात घरावरही दुःखाचे सावट होते. पाच अपत्यांपैकी चार दगावली. १६६८ साली पत्नी निवर्तली. एकुलत्या उरलेल्या मुलासह तो १६६९ साली ल्युबेन गावी गेला आणि १६७६ साली प्रभूमध्ये निजला.

अंगीकारनिष्ठ लूथरन म्हणजे काय, असे कोणी विचारल्यास या जीवनाकडे पाहावे. केवळ वाडवडिलांकडून आलेले नाव म्हणजे ती निष्ठा नव्हे. दुसऱ्या पंथाचा द्वेष तर नव्हेच. जे खरे म्हणून मुखाने कबूल केले, ते तोटा सोसूनही सौम्यतेने धरून ठेवणे, हीच ती निष्ठा होय. आपणही मंडळीत उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो. ते शब्द आपल्याला किती मोलाचे वाटतात, हे प्रत्येकाने प्रभूसमोर स्वतःला विचारावे.