काका कालेलकर : संन्यासाच्या ओढीने हिमालयात गेले आणि नद्या घेऊन परतले

कवठे महांकाळची अग्रणी नदी पावसावर जगते. खानापूर तालुक्यात उगम पावून ती तासगाव, कवठे महांकाळ असं करत कर्नाटकात जाते आणि कृष्णेला मिळते. उन्हाळा लागला की तिचं पात्र कोरडं पडतं. उन्हाळ्यात नदी आटणारच, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पण देशात अशाही नद्या आहेत, ज्यांना उन्हाळ्यातच पाणी चढतं. हिमालयातल्या त्या नद्या पायी फिरून पाहणारा आणि साध्या वाचकाच्या ओळखीच्या करून देणारा माणूस याच कृष्णेच्या खोऱ्यातला होता. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, म्हणजेच काका कालेलकर.

त्यांचा जन्म 1 डिसेंबर 1885 रोजी साताऱ्यात झाला. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा आणि वेण्णा एकत्र येतात. लहानपणी तिथे पाहिलेली कृष्णा त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. पुढे वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे गावं बदलत राहिली आणि प्रत्येक गावाबरोबर नवी नदी भेटत गेली.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून ते 1907 मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात ते शिकवू लागले. ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा होती. इंग्रज सरकारची तिच्यावर वक्रदृष्टी पडली आणि शाळा बंद झाली. ज्या कामावर आयुष्य लावायचं ठरवलं होतं तेच संपलं. घरसंसार मागे ठेवून, अध्यात्माच्या ओढीने कालेलकरांनी 1912 मध्ये हिमालयाची वाट धरली. सोबत स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर होते.

हिमालयातल्या नद्या वेगळ्या का?

यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बदरीनाथ ही यात्रा म्हणजे एका अर्थी नद्यांच्या उगमांची यात्रा. गंगोत्रीच्याही वर सुमारे 18 किलोमीटरवर गोमुख आहे. तिथे हिमनदीच्या तोंडातून भागीरथी बाहेर पडते. ऊन वाढलं की बर्फ वितळतं आणि पाणी वाढतं. दिवसभरातही हा फरक दिसतो. पहाटे उतरलेला प्रवाह दुपारनंतर चढलेला असतो. हिवाळ्यात सगळं गोठलं की पाणी कमी होतं. थंडीमुळे गंगोत्रीचं मंदिर दिवाळीच्या सुमारास बंद होतं, ते अक्षय्य तृतीयेला उघडतं. तोवर देवीची पूजा खालच्या मुखबा गावात होते.

गंगा हे नावही उगमापाशी मिळत नाही. बदरीनाथकडून येणाऱ्या अलकनंदेला वाटेत धौलीगंगा, नंदाकिनी, पिंडर आणि मंदाकिनी मिळतात. मग देवप्रयागला ती भागीरथीला भेटते आणि तिथून पुढे नदीला गंगा म्हणतात.

परत माणसांत

संन्यासाच्या ओढीने गेलेले कालेलकर हिमालयात कायमचे राहिले नाहीत. 1915 मध्ये शांतिनिकेतनात त्यांची गांधीजींशी भेट झाली. त्यानंतर आश्रमातलं शिक्षण, गुजरात विद्यापीठ, तुरुंगवास आणि हिंदीचा प्रचार यांत त्यांचं आयुष्य गेलं. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी गुजरातीत इतकं लिहिलं, की सवाई गुजराती अशी त्यांची ओळख झाली. हिमालयाच्या प्रवासाचं पुस्तकही त्यांनी आधी गुजरातीत लिहिलं, मग ते मराठीत आलं.

नद्यांवरच्या त्यांच्या लेखांचं पुस्तक 'लोकमाता' नावाने निघालं. पुढे त्यात भर पडून 'जीवनलीला' झालं. जीवन म्हणजे आयुष्य आणि जीवन म्हणजे पाणीही. नदीकाठी माणूस कसा जगतो, हे सांगितल्याशिवाय नदीची ओळख पुरी होत नाही, हा त्या लेखनाचा गाभा होता.

1964 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. 21 ऑगस्ट 1981 रोजी त्यांचं निधन झालं.

माहुलीला त्यांनी पाहिलेली कृष्णा आज म्हैसाळ योजनेच्या पंपांनी उचलली जाते आणि कवठे महांकाळच्या दुष्काळी शिवारात पोचते. पाणी म्हणजेच जीवन, हे तिथल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.