लोकप्रिय वामनराव लाखे

रायपूर शहरात लाखेनगर नावाची मोठी वस्ती आहे. रोज हजारो माणसे त्या चौकातून जा-ये करतात, दुकानांच्या पाट्यांवर ते नाव वाचतात. परंतु हे लाखे कोण, असे विचारले तर नव्या पिढीतील फारच थोड्यांना उत्तर देता येईल. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, ह्या भूमीत आपल्या आधी येऊन रुजलेल्या मराठी माणसांचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्या मालिकेत कै. वामन बळीराम लाखे ह्यांचे स्थान फार वरचे आहे.

छत्तीसगडात मराठी माणूस काही काल-परवा आलेला नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत ह्या मुलुखात उतरले आणि १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरी राहून प्रत्यक्ष राज्यकारभार पाहिला. १८५४ साली भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे १८६१ साली मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. ह्या प्रांतात मराठी आणि हिंदी असे दोन्ही भाषांचे जिल्हे एकत्र नांदत होते, ते थेट १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत. त्यामुळे रायपुरात वकील, शिक्षक, कारकून म्हणून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली. वामनराव हे अशाच एका कुटुंबातले.

त्यांचा जन्म १७ सप्टेंबर १८७२ रोजी रायपूर येथे झाला. वडील बळीराम गोविंदराव हे आरंभी अत्यंत गरीब होते. परंतु अपार कष्ट करून त्यांनी पुढे काही गावे खरेदी केली. म्हणजे गरिबीची आठवण आणि जमीनजुमल्याचे स्वास्थ्य, असे दोन्ही वामनरावांच्या घरात होते. अशा घरातील मुलाने वकिली करावी, गावांचे उत्पन्न घ्यावे आणि सुखाने आयुष्य काढावे, हा त्या काळचा सरळ मार्ग होता. वामनरावांनी वकिली केली. पण त्या मार्गावर ते थांबले नाहीत. ह्याला एक कारण घडले, ते म्हणजे शालेय वयात जडलेली माधवराव सप्रे ह्यांची मैत्री.

१८९९-१९०० चा दुष्काळ मध्य प्रांतास फार भयंकर गेला. त्याच दुष्काळात, जानेवारी १९०० मध्ये, पेंड्रा ह्या आडगावाहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक निघू लागले. संपादक होते माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, आणि मालक-प्रकाशक वामनराव लाखे. हे तिघेही मराठी होते, आणि मासिक मात्र हिंदी! आजही ह्या गोष्टीचे आम्हांस कौतुक वाटते. ज्या लोकांत राहायचे, त्यांना शहाणे करायचे तर त्यांच्याच भाषेत लिहिले पाहिजे, हे ह्या तरुणांनी ओळखले होते. पुढे ज्या कथेला हिंदीतील आद्य कथांमध्ये मान मिळाला, ती सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ १९०१ साली ह्याच मासिकात प्रसिद्ध झाली. ग्राहक थोडे, खर्च मोठा आणि तोट्याचा भार मालकाच्या शिरी, अशा स्थितीत तीन वर्षे निभावून १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले. छत्तीसगडच्या पत्रकारितेचा आरंभ मात्र तेथूनच मोजला जातो.

१९०७ साली प्रांतिक राजकीय परिषद रायपुरास भरली आणि जहाल-मवाळांच्या वादाने गाजली. पुढे सुरतेस जे घडले त्याची ती चाहूलच होती. १९०८ साली सप्र्यांना ‘हिंद केसरी’तील लेखांसाठी अटक झाली. आप्तांच्या आग्रहाखातर त्यांना माफी लिहून सुटावे लागले आणि ते शल्य त्यांच्या मनात दीर्घकाळ राहिले. जिवलग मित्राची ही दशा वामनरावांनी जवळून पाहिली असली पाहिजे. वामनरावांचा स्वतःचा पिंड वक्तृत्वापेक्षा संस्था उभारण्याचा होता, आणि त्यांनी हाती घेतलेले काम वरवर पाहता राजकारणाचे नव्हतेच.

ते काम सहकाराचे होते. भातशेतीच्या ह्या मुलुखात कुळवाडी पेरणीच्या वेळी सावकाराकडून बियाणे आणि रोकड उचलत असे आणि सुगी झाली की खळ्यावरचे धान तेथूनच सावकाराच्या घरी जात असे. एक वर्ष पाऊस चुकला की कर्ज दुप्पट, आणि दोन वर्षे चुकला की जमीन गेली, असा हा फेरा होता. १९०४ आणि १९१२ च्या कायद्यांनी सहकारी पतपेढ्यांचा मार्ग मोकळा केला. गावच्या शेतकऱ्यांनी एकत्र यायचे, एकमेकांच्या कर्जास जामीन राहायचे आणि मध्यवर्ती पेढीने अशा संस्थांना माफक व्याजाने पैसा पुरवायचा, अशी ती रचना होती. १९१३ साली रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक स्थापन झाली. वामनरावांनी तिचे मानद चिटणीसपद दोन तपांच्या आसपास सांभाळले. वकिलाचा मोलाचा वेळ विनावेतन पेढीच्या हिशेबवह्यांत घालवणे, ह्यात टाळ्या मिळत नाहीत आणि वर्तमानपत्रांत नावही येत नाही.

सरकारचे लक्ष मात्र ह्या कामाकडे गेले. १९१६ साली त्यांना ‘रायसाहेब’ ही पदवी मिळाली. पण त्याच सुमारास ते होमरूलच्या चळवळीतही वावरत होते. एका हाती सरकारी सन्मान आणि दुसऱ्या हाती स्वराज्याची मागणी, ही तारेवरची कसरत फार दिवस चालणे शक्य नव्हते. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. सरकारी पदव्या परत कराव्यात, कायदेमंडळांवर बहिष्कार घालावा आणि सरकारी शाळा-न्यायालये सोडावीत, असा असहकाराचा कार्यक्रम त्यात पक्का झाला.

वामनरावांच्या आयुष्यातील खरी कसोटी ती हीच, असे आम्ही समजतो. सहकारी संस्थांची नोंदणी आणि तपासणी सरकारी निबंधकाच्या हाती होती. सरकारचा रोष ओढवून घेतला तर स्वतःचे नुकसान तर होईलच, पण ज्या पेढीवर गावोगावचे शेतकरी विसंबून होते तिलाही धक्का लागण्याचे भय होते. वामनरावांनी पदवी परत केली आणि पेढीचे कामही टाकले नाही. सरकारी किताब गेला तेव्हा रायपूरकरांनी त्यांना स्वतःचा किताब दिला, ‘लोकप्रिय’. पुढील आयुष्यात हाच किताब त्यांच्या नावामागे लागत राहिला. १९२१ साली रायपुरात राष्ट्रीय विद्यालय निघाले, त्याच्याही कामात ते अग्रभागी होते.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची लाट आली. मध्य प्रांतास समुद्र नाही, म्हणून येथे जंगल-सत्याग्रहाने जोर धरला. रायपूर जिल्ह्यात गावोगावी लोकांनी जंगलचे कायदे मोडले. त्या चळवळीचे रायपुरातील पाच पुढारी लोकांत ‘पांडव’ म्हणून ओळखले जात. वामनराव लाखे युधिष्ठिर, महंत लक्ष्मीनारायणदास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि शिवदास डागा सहदेव. एक मराठी वकील, एक मठाधिपती, एक ठाकूर, एक मौलाना आणि एक मारवाडी, असे हे भावंडपण जनतेनेच जुळवले होते आणि त्यात वडीलपणाचा मान मराठी माणसाला दिला होता. अठ्ठावन्न वर्षांच्या वामनरावांस एक वर्षाची कैद आणि तीन हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली.

१९३७ च्या निवडणुकांनंतर प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे मुख्य मंत्री झाले आणि रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल त्यांचे सहकारी. पुढच्याच वर्षी त्या दोघांचे बिनसले. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांना पायउतार व्हावे लागले आणि शुक्ल त्यांच्या जागी आले. ह्या भांडणास मराठी विरुद्ध हिंदी जिल्हे असा रंग चढला आणि नागपुरात मने फार दुखावली. अशा वेळी रायपुरात राहणाऱ्या मराठी माणसाची अवस्था किती अवघड झाली असेल, ह्याची कल्पना दूरदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांस सहज येईल. वामनरावांच्या बाबतीत एवढे निश्चित दिसते की, ह्या तेढीनंतरही रायपूरच्या सार्वजनिक जीवनातील त्यांचे स्थान ढळले नाही. आमदारकी, मंत्रिपद ह्यांनी पुष्कळांची नावे मोठी झाली. वामनरावांचे नाव विधिमंडळातील भाषणांसाठी कोणी स्मरत नाही. त्यांचे मतदार म्हणजे पेढीच्या सभासद-यादीतील शेतकरीच म्हणायचे.

१९४१ साली वैयक्तिक सत्याग्रहात त्यांनी सिमगा येथे सत्याग्रह केला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर पुन्हा तुरुंगवास पत्करला. सुटून आल्यावरही विश्रांती नव्हतीच. १९४५ साली बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी उभी राहिली, तिच्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती. धान स्वस्तात विकून तांदूळ महाग घ्यायचा, हा उफराटा व्यवहार मोडावा, हा त्यामागचा विचार. तीस वर्षांपूर्वी पेढीपासून निघालेला माणूस गिरणीपर्यंत पोहोचला होता. वाट मात्र एकच होती.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी रायपूरच्या गांधी चौकात राष्ट्रध्वज फडकला, तो वामनरावांच्या हस्ते. जेमतेम वर्ष लोटले आणि २१ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव आज रायपुरात एका विद्यालयाला आणि लाखेनगरला आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनली. ज्या प्रदेशाचे नाव शंभर वर्षांपूर्वी ह्या तीन मराठी तरुणांनी आपल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर छापले होते, तेच नाव आता एका राज्याने धारण केले आहे.

आपण मंडळ चालवतो ते आपली भाषा, आपले सण आणि आपली नाटके पुढच्या पिढीच्या हाती देण्यासाठी. ते आवश्यकच आहे. पण मंडळाच्या दाराबाहेर जे गाव आहे, त्याच्या सुखदुःखाशी आपले नाते काय, हा प्रश्न प्रत्येक स्थलांतरित कुटुंबापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. वामनरावांनी घरची मराठी न सोडता गावची हिंदी आपली केली, आणि गावाने त्यांना धर्मराजाच्या जागी बसवले. सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी त्यांच्या स्मृतीस आम्ही आदरपूर्वक वंदन करतो.