आंत्वान लॅव्हॉझिए
आंत्वान लॉराँ लॅव्हॉझिए (२६ ऑगस्ट १७४३ – ८ मे १७९४) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. ज्वलन म्हणजे पदार्थाचा ऑक्सिजनशी होणारा संयोग, हे त्यांनी तराजूच्या साहाय्याने सिद्ध केले. विक्रियेत बाहेर पडणारी उष्णता मोजण्याचा पायाही त्यांनी घातला.

जीवन
लॅव्हॉझिए यांचा जन्म पॅरिसमधील एका वकिलाच्या घरी झाला. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण ओढा विज्ञानाकडे होता. १७६८ मध्ये ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांनी राजाचे कर वसूल करणाऱ्या खासगी मक्त्यात भागीदारी घेतली. प्रयोगशाळेतील अचूक व महागडी उपकरणे या उत्पन्नातून आली. १७७१ मध्ये मक्त्यातील सहकाऱ्याची मुलगी मारी-आन पोल्झ हिच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रयोगांच्या नोंदी ठेवणे, इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे करणे आणि उपकरणांच्या आकृती काढणे ही कामे तिने केली.

ज्वलन
जळताना पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य निघून जाते, असे त्या काळी मानत. मात्र धातूचे भस्म मूळ धातूपेक्षा जड भरते, याचा उलगडा त्यातून होत नसे. लॅव्हॉझिए यांनी बंदिस्त हवेत पारा १२ दिवस तापवला. पाऱ्यावर तांबडे भस्म जमले आणि हवेचे आकारमान सुमारे एक-षष्ठांशाने घटले. उरलेल्या हवेत ज्योत विझे. तेच भस्म अधिक तापवल्यावर पारा परत मिळाला व जवळजवळ तितकाच वायू बाहेर पडला. प्रीस्टली व शील यांनी आधीच वेगळ्या केलेल्या या वायूला त्यांनी ऑक्सिजन हे नाव दिले.

उष्णतेचे मापन
१७८२-८३ च्या हिवाळ्यात लॅव्हॉझिए व गणितज्ञ लाप्लास यांनी बर्फाचा उष्णतामापक वापरला. आतील कप्प्याभोवतीचा बर्फ किती वितळला, यावरून उष्णता ठरे. खोलीतील उष्णता आत येऊ नये म्हणून बाहेर बर्फाचा आणखी एक थर असे. त्यात ठेवलेल्या गिनी पिगने १० तासांत १३ औंस बर्फ वितळवला. तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणाऱ्या कोळशाच्या ज्वलनातून मिळणारी उष्णता याच्या बरीच जवळ होती, तंतोतंत नव्हे. श्वसन हे मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. संयुग बनताना जितकी उष्णता बाहेर पडते तितकीच ते विघटित करण्यास लागते, हे तत्त्वही त्यांनी मांडले. १८४० मध्ये हेस यांनी मांडलेला नियम याच वाटेवरचा आहे.

१७८९ च्या आपल्या पाठ्यग्रंथात लॅव्हॉझिए यांनी उष्णतेला ‘कॅलरिक’ या नावाने मूलद्रव्यांच्या यादीत बसवले. फ्लॉजिस्टन हद्दपार करणाऱ्यानेच दुसरे अदृश्य द्रव्य स्वीकारावे, हे विलक्षणच. मापन मात्र या कल्पनेवर अवलंबून नव्हते. १७८३ च्या निबंधात उष्णता हे द्रव्य आहे की कणांची गती, हा प्रश्न दोघांनी खुला ठेवला होता.

मृत्यू
क्रांतीच्या काळात करांचे मक्तेदार जनतेच्या रोषाचे धनी झाले. नोव्हेंबर १७९३ मध्ये लॅव्हॉझिए यांना अटक झाली. ८ मे १७९४ रोजी सासऱ्यांसह एकूण २८ मक्तेदारांना गिलोटिनवर चढवण्यात आले. तेव्हा ते ५० वर्षांचे होते. त्यांचे अपुरे राहिलेले निबंध मारी-आन यांनी पुढे प्रसिद्ध केले.