रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

मोसम नदीच्या काठच्या खेड्यांतून रविवारी सकाळी आमचे लोक उपासनेस जमतात, तेव्हा हा दिवस मोकळा कसा झाला, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो की, रविवारची सुट्टी साहेब लोकांनी आपल्याबरोबर आणली व ती सर्वांस आपोआप मिळाली. हे अर्धेच खरे आहे. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत. परंतु मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या हजारो मजुरांस तो दिवस नव्हता. ज्या गृहस्थांच्या खटपटीने तो त्यांस मिळाला, त्यांचे चरित्र आज आम्ही नामपूर व आसपासच्या मंडळ्यांतील वाचकांपुढे ठेवीत आहो.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घराणे फुलमाळी जातीचे, मूळचे पुणे जिल्ह्यातील खेडनजीकच्या कनेरसर गावचे, व स्थितीने गरीब. नारायणराव पाचएक वर्षांचे असताना, १८५३ च्या एप्रिल महिन्यात, मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सुताच्या गिरणीकरिता कंपनी काढली, व १८५६ साली त्या गिरणीची चाके फिरू लागली. वाफेचे यंत्र आणि हा मुलगा अशी बरोबरच वाढली.

मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर नारायणरावांनी प्रथम रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी केली, आणि मग ते एका कापडगिरणीत कोठारावरील कारकून झाले. मजुरांचे हाल त्यांनी कोणाच्या तोंडून ऐकले नाहीत; रोज डोळ्यांनी पाहिले.

हे हाल कसे होते ते सांगितले पाहिजे. जमिनीचा तुकडा लहान, डोक्यावर सावकाराचे कर्ज, अशा स्थितीत कोकणातील व घाटावरील माणसे पोट भरण्यासाठी मुंबईस जात. गावी उन्हातान्हात कष्ट होतेच. पण तेथे पावसाळा, सुगी, सण आणि जत्रा यांच्या मानाने काम कमीजास्त होई. गिरणीत तसे नव्हते. यंत्र थकत नाही, म्हणून माणसानेही थकू नये, असा तेथील न्याय. विजेचे दिवे अद्याप आले नव्हते. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले, व उन्हाळ्यात ते तेरा तासांपर्यंत जाई. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नसे, आणि यंत्र बंद असे त्या दिवशीही ते पुसून साफ करण्यास मजुरांस बोलावीत. पगार महिना संपताच मिळत नसे. पुढचा महिना बराच उलटल्यावर तो हाती पडे. तोवर वाण्याच्या उधारीवर चूल पेटे, आणि पगार आला की तो व्याजात जाई. यंत्रात हात सापडला तर घर उघड्यावर पडे. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामास लावण्यास बंदी केली व सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. मोठ्या स्त्रीपुरुषांच्या कामाच्या तासांस त्यात काहीच मर्यादा नव्हती.

जोतिराव फुले यांनी १८७३ साली स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे नारायणराव कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यास काढलेले ‘दीनबंधु’ पत्र अडचणीत आले, तेव्हा १८८० साली त्यांनी ते मुंबईस आणून स्वतः चालविण्यास घेतले. गिरणीतील बऱ्यापैकी जागा सोडून पत्राचा तोट्याचा व्यवहार पत्करणे हे संसारी माणसास सोपे नव्हे.

१८८४ साली सरकारने गिरण्यांच्या चौकशीकरिता कमिशन नेमले. त्या सप्टेंबरात नारायणरावांनी परळ येथे मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या अशा होत्या: दर रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्ती बंद व्हावे, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, व काम करताना इजा झाल्यास भरपाई मिळावी. ह्याच वेळी मुंबई गिरणी कामगार संघ निघाला. त्यास वर्गणीदार सभासद नव्हते, फंड नव्हता, लेखी नियमही नव्हते. एक माणूस, एक पत्र व मजुरांचा भरवसा, एवढेच त्याचे भांडवल.

अर्ज दप्तरात पडून राहिला. नारायणराव थांबले नाहीत. सहा वर्षे त्यांनी हाच विषय लावून धरला. अखेर १८९० च्या २४ एप्रिल रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली, व तीत दोन मजूर स्त्रियांनीही उभे राहून भाषणे केली. ज्या काळी मुलीस शाळेत घालणे हीच टीकेची गोष्ट होती, त्या काळी हे घडले. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनच्या कामात नारायणरावांस घेण्यात आले, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी व दुपारचा विसावा पक्का झाला. स्त्रियांचे काम अकरा तासांवर व नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांवर आले. पुरुषांच्या तासांस मर्यादा पडण्यास मात्र १९११ साल उजाडावे लागले.

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हा एकोपा व्हावा म्हणून नारायणराव झटले. पुढे सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. लोक शहर सोडून पळत असता ते रोग्यांच्या व्यवस्थेत गुंतले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. २००५ साली टपाल खात्याने, म्हणजे ज्या खात्यात ते पूर्वी नोकरीस होते त्यानेच, त्यांचे तिकीट काढले.

प्रिय वाचकहो, रविवार मागणारे हे मजूर बहुतेक आपल्या मंडळ्यांतले नव्हते. त्यांच्यांतील पुष्कळांच्या घरी रविवार हा खंडोबाचा वार. तरी चौथ्या आज्ञेत विसावा केवळ धन्यास सांगितलेला नाही, चाकर, दासी आणि गुरे यांसही सांगितला आहे, हे त्यांनी आज्ञा न वाचता ओळखले. आणि आज्ञा तोंडपाठ असलेल्या आम्हांस ते कित्येकदा उमगत नाही. आमच्या बागलाणात उन्हाळी कांद्याची काढणी आली, म्हणजे डोंगराकडील मजूर कुटुंबे शेतात उतरतात. आम्ही उपासनेस बसलेले असतो, आणि आमच्याच बांधावर त्या बायका सातही दिवस वाकलेल्या असतात. मजुरी विचारली, तर व्यापाऱ्याचा पैसा येऊ द्या, असे आम्ही सांगतो. गिरणीमालकांचेही म्हणणे ह्याहून फार निराळे नव्हते. येत्या रविवारी मंडळीत बसण्यापूर्वी आपण आपल्या शेतातील मजुरांस सुट्टी दिली काय, आणि त्यांचा आठवड्याचा पैसा शनिवारी हातात ठेवला काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.